पहिल्या नळाचे वाक्य

प्रिय लेकी,

तुझा निरोप दादाकडून पोचला. सुट्टीत नातीला महिनाभर माझ्याकडे पाठवावे, तिचे गणित मी पक्के करून देईन, असे मी मागच्या पत्रात तुला लिहिले होते. त्यावर तुझे उत्तर तुझ्या भावाने फोनवर सांगितले : "ती म्हणतेय, बाबांना त्रास नको. गणित-विज्ञानाचे चांगले ब्लॉग आणि अडलं तर विचारता येईल अशा साइट, एवढी यादी करून पाठवा." एवढेच का, असे मी विचारले. तो म्हणाला, "एवढंच." मग म्हणाला, "बाबा, ती पाठवेल असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?" मी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस रुसून बसलो. ऐंशीव्या वर्षी माणसाने रुसू नये हे मला समजते. शिवाय समजूत काढणारी व्यक्ती घरात उरली नसेल तर रुसवा फार काळ टिकवताही येत नाही, हे तुझी आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत समजले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसला आणि यादी करायला बसलो. ती या पत्रात आहे. यादीपेक्षा पत्र बरेच लांबले आहे. मधली पाने गाळू नयेत, एवढी विनंती.

आधी माझी कसोटी सांगतो, म्हणजे पुढे मी नसताना तुम्हा दोघींना स्वतःच निवड करता येईल. एकेचाळीस वर्षे मी छापखान्यात शाळेच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांची मुद्रिते तपासली. त्या काळात एकही बिनचूक पुस्तक माझ्या पाहण्यात आले नाही. चूक सापडल्यावर काय करतात, यावरून पुस्तकाची जात कळते. तेव्हा कोणताही ब्लॉग उघडला की त्याचे रंग, चित्रे, वाचकसंख्या यांकडे न पाहता आधी पानाच्या तळाशी जावे. 'अमुक तारखेला अमुक वाचकाने ही चूक दाखवून दिली, ती दुरुस्त केली आहे' अशी एखादी ओळ तिथे आहे का, ते पाहावे. पाच-सहा वर्षे चाललेल्या ब्लॉगवर अशी एकही ओळ नसेल, तर लेखक देवमाणूस आहे किंवा तो लपवाछपवी करतो. आणि देवमाणसे ब्लॉग लिहीत नाहीत. दुसरे असे, की 'मला माहीत नाही' हे शब्द लेखक कधी वापरतो का, ते शोधावे. मी स्वतः ते फारसे वापरले नाहीत, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो.

विज्ञानासाठी पहिले नाव 'उघडून पाहू' या ब्लॉगचे. लिहिणारे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करतात. त्यांचे ऱ्हस्वदीर्घ पाहिले की माझे डोके ठणकते, आणि स्वल्पविराम तर ते मीठ भुरभुरावे तसे टाकतात. तरीही पहिले नाव त्यांचेच. हा माणूस मोजल्याशिवाय एक वाक्य लिहीत नाही. बर्फ वितळल्यावर पेल्यातले पाणी वर चढते का, लंबकाचे घड्याळ उन्हाळ्यात मागे का पडते, ओला टॉवेल सावलीत वाळायला किती वेळ घेतो, असे त्यांचे विषय. एकदा लंबकाच्या लांबीचा त्यांचा हिशेब चुकला. चूक कळल्यावर त्यांनी तो भाग पुसला नाही. वाचता येईल अशी आडवी रेघ त्यावर मारली आणि खाली लिहिले, 'इथे मी चुकलो, कसा चुकलो ते बघून ठेवा.' छापखान्यात आम्ही चुकीचे नामोनिशाण राहू देत नसू, आणि त्याची आम्हांला फुशारकी होती. त्या आडव्या रेघेकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

भूमिती आणि आलेख यांसाठी 'हलती आकृती' नावाचे संकेतस्थळ आहे. त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढला की सगळी आकृती ताणली जाते, कोनांची मापे भराभर बदलतात आणि त्यांची बेरीज मात्र जागची हलत नाही. नातीला तिथे एकटीला सोडून द्यावे. शेजारी बसून 'आता हे बघ, आता ते बघ' करू नये. दादाने मला आणखी एक प्रकार दाखवला होता : उदाहरणाचा फोटो काढला की क्षणात उत्तर, तेही पायऱ्यांसकट. तो यादीत घेतलेला नाही. उत्तर हाती येते आणि मूल जिथे अडले होते तिथेच उभे राहते. त्यावर दादा म्हणाला, "पण बाबा, निदान ओरडत तरी नाही ते." तो गमतीने म्हणाला. मला हसू आले नाही, पण मुद्दा बरोबर आहे म्हणून त्याचे वाक्य इथे घेतले आहे.

गणितासाठी मात्र एकच नाव देतो : 'चौकटीची वही'. एक निवृत्त शिक्षिका हा ब्लॉग चालवतात. आठवड्याला एकच उदाहरण, चौकटीच्या कागदावर हाताने सोडवलेले, आणि खाली वाचकांच्या शंका. शंका कितीही बाळबोध असो, बाई आधी 'कुठपर्यंत समजलं?' एवढेच विचारतात आणि तिथून पुढे हात धरून नेतात. आजवर मी त्यांना अकरा चुका कळवल्या. दहा त्यांनी मान्य केल्या. अकराव्या वेळी मीच चुकलो होतो, आणि हे त्यांनी इतक्या हळुवारपणे लिहिले की दोन दिवस ते माझ्या लक्षातच आले नाही. हा ब्लॉग तुला नवा नाही. तू तिथे गेली होतीस, आणि तेही नातीसाठी नव्हे, स्वतःसाठी. हे मला कसे कळले, ते सांगतो.

माझे डोळे आता ओळीवर फार वेळ टिकत नाहीत, म्हणून दादाने संगणकात मजकूर वाचून दाखवण्याची सोय करून दिली आहे. तो आवाज अगदी सपाट आहे. त्याला सुख नाही, दुःख नाही, समोर काय लिहिले आहे याचा गंधही नाही. तुझी आई असेच वाचत असे. मी मुद्रिते घरी आणली की ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि मी छापील ओळीखाली बोट धरून ऐकायचो. विरामचिन्हेही ती शब्दांसारखीच उच्चारी. तू चार वर्षांची असताना बाहुलीला गोष्ट सांगत होतीस, 'एक होती मांजर स्वल्पविराम ती होती काळी पूर्णविराम', तेव्हा आम्ही दोघे दाराआड उभे राहून हसलो होतो. असे वाचायचे कारण साधे आहे. डोळा हुशार असतो. नसलेला शब्द तो मनाने भरून घेतो. कान भरून घेत नाही. म्हणून छापखान्यात कोणीही एकट्याने तपासत नसे, आणि स्वतः लिहिलेले तर स्वतः कधीच तपासत नसे.

यादीत नाव घालण्यापूर्वी 'चौकटीची वही'चे अलीकडचे लेख पुन्हा ऐकावेत म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी मी ते लावून बसलो होतो. लेख संपला आणि वाचकांच्या शंका सुरू झाल्या. त्यांतल्या एका शंकेतले उदाहरण असे होते : 'दोन नळ एकदम सोडल्यास एक टाकी सहा तासांत भरते. पहिला नळ एकटाच दोन तास चालू ठेवून बंद केला, तर उर्वरित टाकी भरण्यास दुसऱ्या नळास एकट्यास किती अवधी लागेल?' मी यंत्र थांबवले. 'दुसऱ्या नळास एकट्यास' असे हल्ली कोणी लिहीत नाही. सुताराला आपण घातलेला सांधा ओळखू यावा, तसे ते वाक्य मला ओळखू आले. शंका विचारणारीने नावाच्या जागी 'खारूताई' असे लिहिले होते. दोन्ही गाल भरून जेवणाऱ्या तुला या नावाने हाक मारणारी जगात एकच व्यक्ती होती, तुझी आई. तू अकरा वर्षांची असताना मी शंभर उदाहरणे स्वतः रचून तुझ्यासाठी एका वहीत लिहून काढली होती. हे त्यातले सदतिसावे. त्या वहीची दुसरी प्रत नाही.

मी तो भाग पुन्हा लावला. पस्तीस वर्षांत ते उदाहरण मी पहिल्यांदाच कानाने ऐकत होतो, आणि त्यात एक वाक्य नव्हते. 'पहिला नळ एकटा ती टाकी दहा तासांत भरतो.' कच्च्या कागदावर ते होते, याची मला खात्री आहे, कारण त्याशिवाय उत्तरांच्या यादीत 'बारा तास' आलेच नसते. पुढचे वाक्यही 'पहिला नळ' याच शब्दांनी सुरू होते. वहीत उतरवताना नजर एका 'पहिल्या नळा'वरून दुसऱ्यावर घसरली आणि मधली ओळ गळाली. छापखान्यातली ही सर्वांत सामान्य चूक. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या अशा शेकडो चुका मी पकडल्या आणि त्यांना चारचौघांत बोलही लावले. त्या एका वाक्याशिवाय उदाहरणाला निश्चित उत्तरच नाही. बाईंनी खाली तसे सोडवूनही दाखवले आहे : पहिल्या नळाला आठ तास लागत असतील तर उत्तर अठरा, नऊ लागत असतील तर चौदा, बारा लागत असतील तर दहा. हवे ते उत्तर घ्यावे. 'जरा वाचून दाखव' असे मी तुझ्या आईला म्हटले असते, तर गळालेली ओळ तिथल्या तिथे सापडली असती. पोरीची तर वही, तिला कशाला दोघांनी तपासायचे, असे मला वाटले.

तो रविवार मला आठवतो. तुला तर आठवत असणारच. जेवणे झाल्यावर तू टेबलाशी बसलीस. शेजारच्या दोघी मुली खांद्यावर टॉवेल टाकून तुला पोहायला न्यायला आल्या. तुझी आई म्हणाली, "जाऊ दे ना तिला, पोहायला काय रोज मिळतं का?" मी म्हणालो, उदाहरण झाल्यावर जाईल. मुली जिन्यात थोडा वेळ रेंगाळल्या आणि गेल्या. तू खोडलेस, पुन्हा लिहिलेस, पुन्हा खोडलेस. खोडरबराचा भुगा तू तळहाताने गोळा करून टेबलाच्या कडेशी एक छोटा ढीग केला होतास. मी समोरच वर्तमानपत्र वाचत होतो. एकदा तरी पेन्सिल हातात घेऊन तुझ्याबरोबर ते सोडवायला बसलो असतो, तर दोन मिनिटांत माझीच फजिती झाली असती. पण उत्तर माझ्या यादीत होते, म्हणून उदाहरण बरोबर असणार, असा माझा हिशेब होता. दिवे लागल्यावर तू उत्तराच्या जागी एक ओळ लिहिलीस आणि वही माझ्यापुढे ठेवलीस. ती ओळ काय होती, हे मी विसरून गेलो होतो. तिच्यावर लाल शाईने मी जे लिहिले, ते मात्र विसरलो नाही : 'सबबी सांगू नयेत.'

अडतिसाव्या उदाहरणापासून वही कोरी राहिली, एवढे मला ठाऊक होते. मी त्याला तुझा आळस म्हटले. पुढे गणित सोडण्याची पहिली संधी मिळताच तू ते सोडलेस, तेव्हा धरसोडपणा म्हटले. तू परिचारिका झालीस. दोन वर्षांपूर्वी दादा तुमच्या रुग्णालयात येऊन गेला आणि मला सांगू लागला, की विभागातल्या सगळ्या जणी मिनिटाला सलाइनचे किती थेंब सोडायचे ते तुझ्याकडून तपासून घेतात, डॉक्टरसुद्धा विचारतात. त्याने तुझे कौतुक केले तर तू म्हणालीस म्हणे, "छे रे, मला कुठे गणित येतं, सवयीने सुचतं ते." दादाला त्यात गंमत वाटली होती. मीही तेव्हा होकार भरला आणि विषय बदलला.

आता मदतीच्या संकेतस्थळाविषयी. सर्वांत मोठे आणि सर्वांत जागते ते 'शंका-फलक'. प्रश्न टाकला की तासाभरात कोणी ना कोणी जाणकार उत्तर देतो. नातीने तिथे प्रश्न विचारताना आपण कुठवर आलो आणि नेमके कुठे अडलो हे दोन ओळींत लिहावे, म्हणजे तिला नीट उत्तर मिळेल. अशा दोन ओळी नसतील तर तिथले काही स्वयंसेवक प्रश्न बंद करून टाकतात. त्यांतला सर्वांत कडक स्वयंसेवक 'शून्यदोष' या नावाने लिहितो. तो मी. गेली सहा वर्षे मी तिथे आहे. दादा एकदा माझे शेरे वाचून म्हणाला होता, "बाबा, लोक तिथे अडचण घेऊन येतात, मुलाखत द्यायला नाही." मंगळवारी दुपारी मी तिथल्या नोंदी मागे मागे चाळत गेलो. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका सकाळी 'खारूताई'ने हेच उदाहरण टाकले होते आणि खाली एकच ओळ : 'मला हे लहानपणापासून येत नाही, कोणी समजावेल का?' चार मिनिटांत 'शून्यदोष' यांनी ते बंद केले. 'उदाहरण आयते टाकू नये. स्वतःचा प्रयत्न दाखवावा.' त्या सकाळी मी एकोणीस प्रश्न बंद केले होते. सगळे डोळ्यांनी वाचून. माझेच वाक्य मला ओळखू आले नाही, आणि वर लिहिलेले नावही मी पाहिले नाही. नावे मी पाहत नसे. बुधवारी मी तिथले काम सोडले. संकेतस्थळ यादीत ठेवले आहे, कारण बाकीची माणसे तिथे सोशिक आहेत.

यादी इथे संपली. तेवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती. दादाने फोनवरून नावे कळवली असती. 'चौकटीची वही'वर बाईंनी तुला लिहिले होते, की उदाहरणच अपुरे आहे, तुझी काही चूक नाही. त्याखालची तुझी ओळ यंत्राने मला त्याच सपाट आवाजात वाचून दाखवली : 'लहानपणी मीसुद्धा तेच लिहिलं होतं, पहिल्या नळाचं दिलेलं नाही म्हणून. पण ते चूक ठरलं. ज्यांनी तपासलं ते चुकत नाहीत, त्यामुळे माझंच काहीतरी समजायचं राहतंय. ते काय, तेवढं सांगाल का?' बाईंनी पुन्हा एकदा सगळे समजावून सांगितले. तू त्यांचे आभार मानलेस आणि लिहिलेस, 'कळतंय, पण पटत नाही.' पुढे काही नाही. त्या बाई तुला हे कधीच पटवू शकणार नाहीत. 'शून्यदोष' तर नाहीच नाही. म्हणून हे सगळे हाताने लिहिले आहे. लाल शाईतले ते अक्षर तू ओळखतेस, तेव्हा हेही ओळखशील. नातीला पाठव, असे मी आता म्हणत नाही. तू नाही म्हणालीस ते योग्यच केलेस. सदतिसाव्या उदाहरणात पहिल्या नळाचे दिलेलेच नव्हते. तू अकरा वर्षांची होतीस, आणि तू लिहिलेले उत्तर बरोबर होते.

तुझाच,
चुकलेला
बाबा